गोराईला गेलेली ताटं

मरोळच्या गावठाणात सेरफीनइतकी उतावळी बाई दुसरी नव्हती. बस जरा उशिरा आली की ती थांबायची नाही, पुढच्या स्टॉपकडे तरातरा चालू लागायची. मग दोन स्टॉपच्या मध्ये बस तिला मागे टाकून निघून जायची, आणि ही रस्त्यात उभी राहून ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. भाताला वाफ यायच्या आत तिने झाकण उघडलंच म्हणून समजा. नाताळच्या आधीचे ते चार आठवडे, ज्याला आगमनकाळ म्हणतात, ते लागले की गावठाणात घरोघर करवंट्यांमध्ये नाचणी पेरायचे, म्हणजे नाताळपर्यंत येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यापुढे मांडायला हिरवंगार शेत तयार. सेरफीन तिसऱ्या दिवशीच बोटाने माती उकरायची, मोड आला की नाही ते बघायला. म्हणून तिचं शेत सगळ्यांत विरळ. तिचा नवरा कैतान म्हणायचा, "ही मेल्यावर देवाच्या दारातसुद्धा रांग मोडून पुढे घुसणार."

तर अशा या बाईने एका गोष्टीची पाच वर्षं वाट पाहिली. भांडली नाही, आदळआपट केली नाही. कैतानला तर पहिली दोन वर्षं वाटायचं की हिला काहीतरी झालंय, डॉक्टरला दाखवावं.

गोष्ट सुरू होते ती गोराईला, खाडीच्या पलीकडे. सेरफीनचं माहेर तिथलं. घरात आई आणि दोघी बहिणी, थोरली सेरफीन आणि धाकटी लुजी. सेरफीन लग्न होऊन मरोळला आली. लुजीने लग्नच केलं नाही. ती आईजवळ राहिली, वाडी बघायची, कोंबड्या पाळायची. सेरफीन जितकी घाईची, तितकी लुजी संथ. केस विंचरायला बसली तर शेजारणीचा स्वयंपाक होऊन जायचा.

त्यांच्या घरी नाताळच्या देखाव्याच्या जुन्या लाकडी मूर्ती होत्या. आजोबा बोटीवर होते, त्यांनी कुठल्याशा बंदरातून आणलेल्या. मरियामाता, योसेफ, तीन राजे, गाय, गाढव आणि वीतभर लांबीचा बाळ येशू. बाळाच्या डाव्या पायाचा अंगठा उडालेला. आगमनकाळ लागला की आई सगळ्या मूर्ती मांडायची, गव्हाण मात्र रिकामी. बाळ तोवर तांदळाच्या डब्यात. अगदी खोल पुरून ठेवायची. पोरी विचारायच्या, "आय, तो आत काय करतो?" आई म्हणायची, "वाढतोय." मग संध्याकाळी भाताला तांदूळ कोणी काढायचे यावरून दोघींची मारामारी, कारण तांदळात हात घातला की कधी कधी बोटांना त्याचा पाय लागायचा. लागला की दिवस सोन्याचा. आणि चोवीस तारखेला चर्चमध्ये रात्रीच्या मिस्सेला निघायच्या आधी आई त्याला बाहेर काढायची, पदराने पुसायची आणि गव्हाणीत ठेवायची. त्याआधी नाही म्हणजे नाही.

आणि यावरूनच पुढे सगळं बिघडलं.

ऐंशी सालच्या आगमनकाळात आई अंथरुणाला खिळली. डॉक्टरने सांगितलं, फार दिवस नाहीत. सेरफीन मरोळहून धावत आली, आईच्या पायथ्याशी देखावा मांडला. दुसऱ्या दिवशी तिला राहवेना. तिने तांदळात हात घातला, बाळ काढलं आणि गव्हाणीत ठेवलं. नाताळला अजून पुष्कळ दिवस होते, पण आईला निदान डोळ्यांनी बघू दे, एवढाच तिचा विचार. आईचा डोळा लागला होता. ती जागी होईल, समोर बघेल आणि हसेल, म्हणून सेरफीन उशाशी बसून राहिली. इतक्यात लुजी विहिरीवरून आली. तिने गव्हाणीत पाहिलं, हंडा खाली ठेवला आणि बाळ उचललं.

"अजून नाताळ आला नाही, बाय," लुजी म्हणाली. "आयने जन्मात असं केलं नाही. आता ठेवलंस म्हणजे आय नाताळ बघत नाही, असंच बोललीस तू."

आणि तिने बाळ पुन्हा तांदळात पुरलं. आई त्या संध्याकाळी झोपेतच गेली. डोळे उघडले नाहीत.

मातीच्या वेळी दोघी बोलू नये ते बोलल्या. सेरफीन म्हणाली, "तू आयला त्याचं तोंड बघू दिलं नाहीस." लुजी म्हणाली, "तुझ्या घाईने गेली ती. तू नाताळ आधी आणलास म्हणून." असे शब्द एकदा तोंडातून सुटले की परत घेता येत नाहीत. दोघींनी बोलणं टाकलं.

महिन्याभराने वाटणी करायला त्यांचा इंत्रूमामा बसला. हा मामा म्हणजे न्यायाचा पुतळा. दोन भाच्या एकमेकींकडे बघत नाहीत म्हटल्यावर त्याने सरळ रीत धरली, एक वस्तू हिला, एक तिला. चार पितळी हंडे, दोन दोन. सहा खुर्च्या, तीन तीन. इथवर ठीक. पण मग जात्याची वरची तळी सेरफीनला आणि खालची लुजीला. पाटा एकीला, वरवंटा दुसरीला. गावातली माणसं तोंडात पदर कोंबून हसत होती. शेवटी मूर्ती आल्या. मरियामाता सेरफीनला, बाळ लुजीला. योसेफ सेरफीनला, गाढव लुजीला. मामा म्हणाला, "झाली बरोबर वाटणी. आता कोणी बोलायचं नाही." आणि खरंच कोणी बोललं नाही. सेरफीन मरोळला आली ती अर्धं जातं आणि पोराशिवायची आई घेऊन.

पहिल्या वर्षी सेरफीनने देखावा मांडला. गव्हाण रिकामी. नाताळ उजाडला, तरी रिकामी. कैतानने बाजारातून प्लॅस्टरचं एक गुबगुबीत बाळ आणलं, गुलाबी गालांचं. सेरफीनने ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "हे दुसऱ्या कोणाचं तरी पोर आहे." ते तिने शेजारच्या द्रौपदीच्या लेकीला देऊन टाकलं. लेकीने त्याला झबलं शिवलं आणि वर्षभर मांडीवर झोपवलं.

नाताळात ताटं पाठवायची त्यांच्याकडे पद्धत. करंज्या, कुलकुल, दोदोल असं सगळं गोडधोड ताटात रचायचं, वर क्रोशाचा रुमाल घालायचा आणि शेजारीपाजारी, नातलग, सगळ्यांकडे धाडायचं. आणि ताट परत येतं ते कधी रिकामं येत नाही. काही नाही तर मूठभर साखर, दोन केळी, पण रिकामं नाही. रिकामं ताट परत करणं म्हणजे दार तोंडावर लावणं. द्रौपदी साताऱ्याकडची, बौद्ध घरातली, तिला सुद्धा हे आता इतकं अंगवळणी पडलं होतं की नाताळ जवळ आला की ती आधीच चकल्या तळून ठेवायची.

त्या वर्षी सेरफीनने एक ताट गोराईला पाठवलं. शेवंती कोळीण गोराईहून मासळी घेऊन मरोळला यायची. दुपारी टोपली रिकामी झाली की परत जायची, तिच्याच टोपलीत ताट गेलं. ताट साधं नव्हतं. कैतान कारखान्यातून निवृत्त झाला तेव्हा दोस्तांनी अर्धा डझन स्टीलची ताटं भेट दिली होती, कडेला त्याचं नाव कोरलेली. त्यातलं एक.

दोन दिवसांनी शेवंती आली. सेरफीन दारातच उभी.

"दिलंस?"

"दिलं."

"काय बोलली?"

"काय नाय बोलली. घेतलं."

"आणि ताट?"

"ताट ठेवलं तिने."

कैतान चिडला. माणसाला आपल्या नावाची ताटं आयुष्यात एकदाच मिळतात. पण सेरफीनचा चेहरा उजळला. तिने सांगितलं, "तिला संपवायचं असतं तर रिकामं ताट पाठवून दिलं असतं. पाठवलं नाही. म्हणजे त्यात काहीतरी घालायचंय तिला. अजून ठरत नसेल."

ही तिची आशा. बाहेरून बघणाऱ्याला वेडेपणा वाटेल, पण तिच्या हिशोबात पक्की. पुढच्या नाताळात दुसरं ताट गेलं. तेही आलं नाही. मग तिसरं, मग चौथं, पाचवं. कैतान जेवायला बसला की ताटाकडे बघून उसासा टाकायचा. "तुझी बहीण खानावळ काढणार बहुतेक," तो म्हणायचा. "पाटीवर माझंच नाव लावेल, आयतं कोरलेलं आहे."

लोक देखावा बघायला यायचे, विचारायचे, "बाळ कुठाय?" सेरफीन म्हणायची, "येतंय. खाडी ओलांडायचीय त्याला." पहिल्या वर्षी ती देवाला तारीख घालायची, नाताळपर्यंत आण, नाहीतर तुझ्याशी बोलणार नाही. दुसऱ्या वर्षी नाताळानंतरच्या तीन राजांच्या सणापर्यंतची मुदत दिली. पुढे पुढे तिने तारखा घालणं सोडलं. एकदा रविवारी फादरनी प्रवचनात सांगितलं की आगमनकाळ म्हणजे धीराने देवाची वाट पाहणं. मिस्सा संपल्यावर सेरफीनने त्यांना पायरीवरच गाठलं. "फादर, वाट बघायची ती बसून की उभ्याने?" फादर तिला ओळखून होते. ते हसले आणि म्हणाले, "तुला बसवणार नाही. काम करता करता बघ. फक्त दार लावू नकोस." तिने ते शब्दशः घेतलं. आगमनकाळात दिवसभर घराचं दार उघडं, मग मांजर येवो, धूळ येवो. आणि नाचणीची माती उकरणं कधी थांबलं ते तिचं तिलाही कळलं नाही. शेत आता दाट यायचं.

शहाऐंशी साल उजाडलं. पावसाळ्यानंतर शेवंतीने बातमी आणली. लुजी तापाने पडली होती. आता बरी आहे, पण वाळलीय फार, विहिरीवर जाताना मध्ये दोनदा बसते. सेरफीनच्या डोळ्यांपुढे आईच्या वेळचं सगळं उभं राहिलं. लुजी अशीच, न बोलता गेली तर? जाऊन धडकावं असं शंभरदा मनात आलं. पण मागच्या वेळी आपण घाई केली आणि काय झालं, ही भीती तिला उंबरठ्यावर अडवायची. आणि घरात त्या अर्ध्या डझनातलं एकच ताट उरलं होतं.

आगमनकाळ लागला. तिने देखावा मांडला. गोठा, योसेफ, गाय, रिकामी गव्हाण आणि गव्हाणीकडे वाकून बघणारी मरियामाता. द्रौपदी पीठ मागायला आली होती, ती समोर बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

"सेरूबाय, राग नको मानू," ती म्हणाली. "पण दरवर्षी बघते मी. ही बाई रिकाम्या गव्हाणीत डोळे घालून बसलेली असते. पोर गोराईला, आई इथं. लेकरू येत नसंल तर आईनं जावं की. आई कुठं मानपान बघत बसती?"

आणि पीठ घेऊन ती गेली. सेरफीन जागची हलली नाही. कैतानने चहा मागितला, तिला ऐकू आलं नाही. इतकी वर्षं ती बाळ येईल, बाळ येईल म्हणत बसली होती. आपल्याकडे आईची मूर्ती आहे, म्हणजे लुजीकडे आईविना पोर आहे, हा विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता. लुजीने कुठल्या गव्हाणीत ठेवलं असेल त्याला? कोणाच्या समोर?

दुसऱ्या दिवशी तिने शेवटचं ताट काढलं. राखेने घासून लखलखीत केलं. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा तिने जपून ठेवला होता, तो पसरला आणि त्यावर मरियामातेला आडवं निजवलं. करंजी नाही, कुलकुल नाही. वर क्रोशाचा रुमाल. मग ताट शेवंतीच्या टोपलीत ठेवलं.

"काय सांगू?" शेवंतीने विचारलं.

"काही नको. सांग, आई आली."

कैतान दारात उभा होता. आपल्या नावाचं शेवटचं ताट चाललेलं पाहून तो एरवी काहीतरी टाकून बोलला असता. पण बायकोचं तोंड पाहून तो एवढंच म्हणाला, "शेवंते, नीट ने गं. हलवू नको."

मग सुरू झालं खरं वाट बघणं. देखाव्यात आता योसेफ एकटाच उभा, बाजूला गाय. सेरफीन करंज्या लाटायची, दाराकडे बघायची. कुलकुल वळायची, दाराकडे बघायची. एक दिवस गेला, दोन गेले. शेवंतीही बाजारात दिसली नाही. तिसऱ्या दिवशी सेरफीनला भीती वाटली की आता आपल्याकडे काहीच उरलं नाही, ना ताट, ना मरियामाता. पण गंमत म्हणजे तिला मोकळंही वाटत होतं. धरून ठेवायला काही राहिलं नव्हतं. ती देवाला म्हणाली, "माझ्याकडचं सगळं पाठवलं बघ. आता तुझं तू बघ." आणि कधी नव्हे ती दुपारची छान झोपली.

झोप मोडली ती खणखणाटाने. गल्लीच्या तोंडापासून स्टीलवर स्टील आपटत येत होतं. सेरफीन उठून उंबरठ्यावर आली. समोरून लुजी येत होती, अंगावर आईचं निळं लुगडं, एका हातात गोणपाटाची जड पिशवी, दुसऱ्या हातात छातीशी धरलेलं एक ताट, वर क्रोशाचा रुमाल. वाळली होती खरी. चालणं मात्र तेच, संथ. खाडी, मग बस, मग पुन्हा बस, असं करून ती आली होती आणि तरी तिला काही घाई नव्हती.

दारात येऊन ती थांबली. कैतानने पुढे होऊन पिशवीत डोकावून पाहिलं.

"अगं, माझी ताटं," तो म्हणाला, आणि सणाचे नवे कपडे मिळाल्यासारखा हरखून गेला. "पाचही आहेत. आणि घासलेली."

त्यावर लुजी हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "रिकामी कशी पाठवणार होते, दाजी? दरवर्षी ताट यायचं. दरवर्षी वाटायचं, यात घालायला माझ्याकडे एकच वस्तू आहे. हात धजायचा नाही. तुझं ताट असं उघड्यावर ठेवून मी बघत बसायचे, बाय, आणि मग उचलून फळीवर ठेवायचे." तिने पदराने नाक पुसलं. "तो पाच वर्षं तांदळातच आहे. बाहेर काढलाच नाही. कोणापुढे ठेवणार होते? गव्हाण तुझ्याकडे, आई तुझ्याकडे. मग परवा शेवंती आली आणि म्हणते, आई आली."

तिने हातातलं ताट पुढे केलं. सेरफीनने रुमाल उचलला. आईच्या लुगड्यावर मरियामाता होती, आणि तिच्या कुशीत, डाव्या पायाचा अंगठा उडालेला, तो.

"ठेव त्याला," लुजी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता ठेव गव्हाणीत. नाताळ आला नसला तरी चालेल. त्या दिवशी मी चुकले, बाय. आयला बघू द्यायला हवं होतं. वेळ बिळ काय घेऊन बसले होते मी? त्याला काय, कधीही आला तरी देवच तो."

सेरफीनने बाळाला हातात घेतलं. केवढा हलका. इतक्या वर्षांनी तिच्या बोटांना तो लगेच ओळखू आला. मरियामातेला तिने तिच्या जागी उभं केलं, गव्हाणीकडे तोंड करून. मग ती गव्हाणीशी गेली, दोन पावलं मागे आली आणि लुजीकडे वळली.

"नाही," ती म्हणाली. "चोवीस तारखेला."

लुजी बघतच राहिली. कैतानने तर खुर्चीच ओढून घेतली आणि बसला.

"माझं चुकलं होतं," सेरफीन म्हणाली. "आयला घाई नव्हती, मला होती. मी तिच्यासाठी ठेवलं नव्हतं, माझ्या जिवासाठी ठेवलं होतं. तू बरोबर होतीस."

"नाही, तू बरोबर होतीस."

"लुजे, आता यावरून परत भांडू नको."

दोघींनी एकमेकींना मिठी मारली. सहा वर्षांचं रडणं एका दमात रडून घेतलं, आणि मग इंत्रूमामाच्या वाटणीवरून इतक्या हसल्या की द्रौपदी पिठाचे हात घेऊन दारात आली. जात्याची खालची तळी लुजीने पाहुण्यांना बसायला ठेवली होती. सेरफीनने वरची तळी लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून घातली होती. मामा बिचारा तिकडे देवाघरी उचक्या देत असणार. द्रौपदीला त्या दिवशी पाहुण्यांच्या आधी ताट भरून मिळालं.

"आता नाताळपर्यंत इथेच राहा," सेरफीन म्हणाली. "तो इथे, आई इथे, आणि तू कुठे चाललीस?"

"माझ्या कोंबड्या?"

"शेवंतीला सांगते. अंडी खाईल ती, खाऊ दे."

लुजीने जरा विचार केला. तिला विचार करायला नेहमीच वेळ लागायचा, आणि आज पहिल्यांदाच सेरफीनने तिला मध्येच तोडलं नाही. "बरं," ती म्हणाली.

संध्याकाळ झाली. सेरफीनने बाळाला आईसारखं पदराने पुसलं, तांदळाच्या डब्यात खोल पुरलं आणि झाकण लावलं. कैतानने स्वतः ताटं मांडली, आपलं नाव आपल्याकडे करून. सेरफीनने चूल पेटवली आणि मागे न बघताच म्हणाली, "लुजे, चार माणसांचे तांदूळ काढ. द्रौपदीची लेक पण जेवायला आहे."

लुजीने झाकण उघडलं, तांदळात हात घातला. मनगट बुडालं, तरी तिचा हात आतच. सेरफीनने वळून पाहिलं. बहिणीचा चेहरा लहानपणीचा झाला होता.

"लागला?" सेरफीनने विचारलं.

"लागला," लुजी म्हणाली. "पाय."